पावसाळी वेळापत्रक आणि बिनआरक्षित माणूस



आमच्या वस्तीत कोकणातली घरे बरीच. खेड, मंडणगड, चिपळूण, राजापूर, कणकवली. मृगाचा पाऊस पडला की या घरांतून एकच विचारणा सुरू होते, 'गाडी चालू आहे का?' कुणाची म्हातारी आई गावी एकटी असते, कुणाला भातलावणीला जायचे असते, कुणाकडे मयत झालेले असते. आम्ही कचेरीत कारकुनी करणारे, रेल्वेशी आमचा संबंध पासापुरता. तरी वर्तमानपत्र वाचणारा माणूस म्हणून लोक आम्हालाच विचारतात. म्हणून यंदा ठरवले की एकदा या विषयाचा नीट जमाखर्च मांडावा. वाणिज्य शाखेत शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

कोकण रेल्वेला वर्षातून दोन वेळापत्रके लागतात. एक उन्हाळ्या-हिवाळ्याचे आणि दुसरे पावसाळ्याचे. अनेक वर्षे हे पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असायचे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडले. या दिवसांत गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, प्रवासाला जास्त तास लागतात, काही गाड्यांचे दिवसही कमी होतात. मुंबई-मडगाव 'वंदे भारत' २७ जून २०२३ रोजी मोठ्या थाटाने सुरू झाली, पण पावसाळ्यात तीही आठवड्यातून तीनच दिवस धावली. म्हणजे पावसापुढे साध्या गाडीचे चालत नाही, तसे राजेशाही गाडीचेही चालत नाही.

हे का होते, ते आधी समजून घेऊ. रागावण्यापूर्वी कारण माहीत असावे, असे आमचे मत आहे.

कोकणात रेल्वे यावी म्हणून बॅ. नाथ पै यांनी लोकसभेत आवाज उठवला. त्यांच्या मागून प्रा. मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून तो प्रश्न लावून धरला. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळून आला आणि कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, असा वाटा ठरला. बाकीचा पैसा रोखे विकून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या हाती काम होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर लांब. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. ज्यांनी एस. टी.च्या लाल डब्यात कशेडी घाट उतरताना उलट्या करीत रात्री काढल्या आहेत, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा त्या गाडीने गावी गेल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, 'गाव जवळ आलं रे बाबा!'

परंतु हा मार्ग ज्या जमिनीतून गेला ती जमीन सोपी नाही. वर जांभा दगड, खाली मऊ माती, त्याच्याही खाली काळा कातळ. डोंगर कापून रूळ टाकले म्हणजे दोन्ही बाजूंना उभे कडे तयार होतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्यांच्यावर कोसळतो. पाणी मातीत मुरते, माती फुगते, तिचे वजन वाढते आणि एके रात्री कडा खाली येतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी अशाच दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दगडांमुळे अपघात होऊन पुन्हा माणसे मेली. ही दोन वर्षे विसरून पावसाळी वेळापत्रकाची चेष्टा करणे योग्य नव्हे. गाडी तासभर उशिरा पोचली म्हणून कुणी मरत नाही. घाईने गेली तर काय होते, ते त्या दोन अपघातांनी दाखवले.

त्यानंतर कड्यांना लोखंडी जाळ्या बसल्या, उतार कमी केले, कापणीच्या बाजू रुंद केल्या. पर्जन्यमापक बसले. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे आली. पानवल पुलासारख्या उंच ठिकाणी वारा मोजणारी यंत्रे लावली. पाऊस इतका झाला की समोरचे दिसेनासे होते, तेव्हा ताशी ४० किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही, असा दंडक आहे. आणि या सगळ्या यंत्रांच्या वर माणूस आहे. पावसाळ्यात रात्रभर रुळावरून पायी गस्त घालणारे शेकडो कामगार असतात. अंगावर रेनकोट, हातात बत्ती, खांद्यावर सामान. आपण वरच्या बाकावर झोपलेलो असतो तेव्हा तो माणूस चिखलातून चालत दरड बघत असतो. म्हणून आमची पहिली विनंती ही की, गाडी थांबली तर स्टेशनमास्तरच्या अंगावर धावून जाऊ नका. तोही बहुधा आपल्यासारखाच कुणीतरी नोकरदार असतो.

आता प्रश्न असा की, एवढी काळजी घेऊनही एक दरड पडली की सगळा मार्ग का बंद पडतो? उत्तर सरळ आहे. मार्ग एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्याच्यापुढे मोठा भाग एकेरीच. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने स्टेशनात थांबायचे आणि दुसरीने जायचे, यालाच क्रॉसिंग म्हणतात. थांबायचे कुणी? पॅसेंजरने. पुढे जायचे कुणी? एक्स्प्रेसने. एक गाडी अडकली की तिच्यामागच्या साऱ्या गाड्या गळ्यातल्या माळेसारख्या एकामागे एक थबकतात. मग लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे, मिरज, लोंढा अशा वळवून मडगावला नेतात. केरळला जाणारा माणूस उशिरा का होईना, पण पोचतो. खेडला, सावर्ड्याला, संगमेश्वरला उतरणारा माणूस मात्र कुठून पोचणार? वळवलेल्या गाडीच्या वाटेवर त्याचे गावच नाही.

गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहा. ६ ऑगस्ट २०२० रोजी मडुरे आणि पेडणे यांच्यामधल्या बोगद्याची भिंत ढासळली आणि महिनाभराहून अधिक काळ गाड्या वळवाव्या लागल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, वाशिष्ठीचे पाणी धोक्याच्या पातळीवर गेले आणि सुमारे सहा हजार प्रवासी ठिकठिकाणच्या गाड्यांत अडकले. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आले. त्याच महिन्यात, १४ तारखेला रविवारी संध्याकाळी, विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्टेशनांच्या मध्ये दरड आली आणि मार्ग सुमारे चोवीस तास बंद राहिला.

या शेवटच्या तारखेपाशी आम्हाला थोडे थांबायचे आहे.

आमच्या वस्तीतला एक तरुण शहरातल्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत साफसफाईचे काम करीत होता. दहावी झालेला, निर्व्यसनी, दोन लहान मुलांचा बाप. त्या शनिवारी तो खेड तालुक्यातल्या आपल्या गावी गेला. आईला बरे नव्हते आणि लावणीचे दोन वाफे राहिले होते. रविवारी रात्रीच्या गाडीने निघायचे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे, असा त्याचा बेत. रविवारी संध्याकाळी मार्ग बंद झाला. एस. टी.ला पाय ठेवायला जागा नाही. सोमवारी संध्याकाळी गाड्या सुरू झाल्यावर तो कसाबसा चढला आणि मंगळवारी सकाळी घरी न जाता, पिशवी घेऊनच कामावर गेला. दारावर ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितले, 'तुझ्या जागी दुसरा लावला.' त्याने दरडीचे सांगितले. मुकादम म्हणाला, 'रेल्वेने काही लिहून दिलंय का?'

लिहून कोण देणार? त्याच्या हातात साध्या डब्याचे तिकीट होते, तेही घामाने भिजलेले. त्यावर ना त्याचे नाव, ना गाडीचे. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून केलेल्या कामाची मजुरीही अडकली.

त्याच सोमवारी आमच्या कचेरीतले एक सहकारी असेच गावी अडकले होते. त्यांना संदेश आला, त्यांच्या आरक्षित तिकिटाचे पैसे परत खात्यात आले. मंगळवारी ते आले, साहेबांना दोन शब्दांत सांगितले, साहेबांनी 'अरे, दरड ना? पेपरात वाचलं' असे म्हणून किरकोळ रजेचा अर्ज पुढे सरकवला. वर चहा पाजला. आम्हीही त्या चहात होतो. रजेचा तो अर्ज आमच्याच टेबलावरून पुढे गेला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा तो तरुण समाजमंदिराच्या पायरीवर बसला होता. पाऊस एकच, दरड एकच, दिवसही तोच. एकाची एक रजा खर्ची पडली आणि दुसऱ्याची भाकरी गेली. दरड सर्वांवर सारखी पडते असे आपण म्हणतो, ते खरे नाही.

आम्ही काय केले, तेही सांगतो. वर्तमानपत्रातले दरडीच्या बातमीचे कात्रण काढले. तिकिटाची झेरॉक्स केली. सरळ भाषेत एक अर्ज लिहिला आणि ठेकेदाराकडे न जाता कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे दोघे मिळून गेलो. केलेल्या दिवसांची मजुरी आठ दिवसांत मिळाली. नोकरी मात्र परत मिळाली नाही. दीड महिना तो नाक्यावर उभा राहिला, मग दुसरीकडे लागला. हा काही मोठा विजय नव्हे. परंतु मजुरी मिळाली ती कात्रणामुळे आणि तिकिटामुळे. तोंडी सांगण्याला मुकादमापुढे किंमत नव्हती, कागदाला होती. म्हणून कागदाविषयी चार गोष्टी आमच्या वाचकांनी, विशेषतः घर सांभाळणाऱ्या भगिनींनी, लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट. गाडीच रद्द झाली तर आरक्षित तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. मोबाइलवरून काढलेल्या तिकिटाचे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरून काढलेले असेल तर गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर परत द्यावे लागते. चौथ्या दिवशी गेलात तर वाद घालत बसावे लागेल.

दुसरी गोष्ट. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचे नसेल, तर पूर्ण पैसे परत मागता येतात. पण गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आत तिकीट परत केले पाहिजे. मोबाइलच्या तिकिटासाठी त्याआधीच 'टी. डी. आर.' नावाचा अर्ज भरला पाहिजे. गाडी गेल्यावर भरलेला अर्ज चालत नाही. आमच्याकडे येणारे निम्मे लोक गाडी गेल्यावरच येतात!

तिसरी गोष्ट. गाडी वाटेतच अडकली आणि रेल्वेने पुढे नेण्याची सोय केली नाही, तर भाड्याचा परतावा मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी तिकीट फेकू नका. जिथे उतरलात त्या स्टेशनावर जाऊन सांगा, वेळ लिहून ठेवा.

चौथी गोष्ट. उशिराचा जाब विचारता येतो. २०१६ साली अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरला जाणारे विमान चुकले. टॅक्सी करावी लागली, राहण्याचे पैसे बुडाले. त्या गृहस्थांनी ग्राहक मंचात तक्रार केली. रेल्वे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने दाखवून दिले पाहिजे, नाहीतर भरपाई द्यावी लागेल. त्या कुटुंबाला ३० हजार रुपये मिळाले. आता दरड हे आवाक्याबाहेरचे कारण आहे, हे खरे. परंतु दरडीखेरीजही गाड्या उशिरा धावतात. आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.

वाचक म्हणतील, हे सारे आरक्षित तिकीटवाल्यांचे झाले. साध्या डब्यातल्या माणसाचे काय? बंधूंनो, आमचे दुखणे नेमके हेच आहे. ज्याच्याकडे नावाचे तिकीट आहे त्याला संदेश येतो. ज्याच्या तिकिटावर नावच नाही, त्याला कोण कळवणार? तो रिक्षाचे पैसे मोजून स्टेशनावर येतो आणि फळ्यावर वाचतो की गाडी नाही. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. लाकडावर झोपणाऱ्या माणसाची पाठ दुखते, हे कुणीतरी वर बसून ध्यानात घेतले होते. आज त्याच कोकण मार्गावर साध्या गाडीची काय अवस्था आहे? दादर-रत्नागिरी पॅसेंजर ही चाकरमान्यांची हक्काची गाडी होती. कोरोनात ती बंद झाली आणि नंतर सुरू झाली ती दिव्याहून. दादरला सरळ चढणारी बाई आता कडेवर मूल आणि डोक्यावर बोचके घेऊन आधी लोकलच्या गर्दीतून दिव्याला जाणार, मग जागा शोधणार. दुसऱ्या बाजूला ऑगस्ट २०२५ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी मोटारगाड्या वाहून नेणारी रेल्वेसेवा सुरू झाली. तेव्हा एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये होते. मोटारवाल्यांची सोय झाली याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण मोटारीला जागा मिळते आणि माणूस संडासाच्या दारात बसून जातो, हा हिशेब आमच्या वहीत जुळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मार्ग बंद पडला की प्रत्येक लहान स्टेशनावर मराठीतून, दर अर्ध्या तासाला, खरी माहिती सांगावी. 'थोड्याच वेळात' हे शब्द वापरू नयेत. पुढे नेण्यासाठी एस. टी. आणल्या तर साध्या डब्यातल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे आधी बसवावीत. आणि ज्या दिवशी मार्ग बंद असेल त्या दिवशी मागेल त्या प्रवाशाला, तिकीट कोणत्याही डब्याचे असो, स्टेशनाच्या शिक्क्याचा एका ओळीचा दाखला द्यावा: अमुक तारखेला अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत गाड्या बंद होत्या. त्याला लागतो एक कागद, एक शिक्का आणि एक मिनिट. कारकुनी करणारे आम्ही, हे खात्रीने सांगू शकतो. त्या एका ओळीने एखाद्याची नोकरी वाचेल.

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली, नाव मात्र 'कोकण रेल्वे' हेच राहावे या अटीवर. बाकीच्या तीन राज्यांची संमती आधीच होती. विलीनीकरणाने पैसा येईल आणि दुसरा रूळ पडेल, अशी आशा सर्वांना आहे. आम्हालाही आहे. परंतु नावाची अट घालताना कुणी साध्या डब्याची अट घातली असती तर बरे झाले असते.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही समाजमंदिरात बसतो. ज्यांचे परताव्याचे, मजुरीचे किंवा तक्रारीचे काम असेल त्यांनी यावे. येताना तिकीट आणावे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनीही यावे, अर्ज लिहायला हात कमी पडतात. मागण्यांचे निवेदनही तिथेच ठेवले आहे, त्यावर सह्या कराव्यात.

तो तरुण गेल्या पावसात पुन्हा गावी गेला होता. या वेळी निघण्याआधी येऊन १३९ हा रेल्वेचा चौकशीचा क्रमांक लिहून घेऊन गेला. परत आल्यावर तिकीट दाखवायला आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या न घालता, सरळ ठेवले होते. गाडी वेळेवर आली होती, दाखवण्याची काही गरज नव्हती. तरी आम्ही ते हातात घेऊन तारीख वाचली आणि जपून ठेव म्हणून सांगितले.